मुक्या जिवावर माया करणारा माणूस

ताईचं दुसरं लग्न ठरतंय हे सांगायला मावशीचा फोन आला, तेव्हा मुलगा काय करतो, कुठे राहतो हे सगळं नंतर आलं. आधी आलं ते हे: "त्याच्याकडे कुत्री आहे. रस्त्यावरून उचलून आणलेली. आजारी होती तेव्हा स्वतःच्या हाताने भरवायचा म्हणे. मुक्या जिवावर माया करणारा माणूस वाईट नसतो गं."

मलाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

ताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. पुढे काउंटर, मागे एक अरुंद काळोखी खोली, त्यात उंच खुर्ची आणि समोर उजेडातली अक्षरं. दिवसभर लोकांना विचारायचं, आता बरं दिसतंय की मगाशी? स्वभावाने हसरी, पण पहिल्या नवऱ्याने ते हसू बरंच खर्चून टाकलं होतं. तो गोडबोल्या. दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडून बसला होता आणि तिथून रोज हिला फोन करून विचारायचा, "जेवलीस का गं?" ते उघडकीला आल्यावर ताई ताक फुंकून प्यायला लागली. कुणी फार गोड बोललं की ती उठून जायची.

हा माणूस गोड बोलत नव्हता. फारसा बोलतच नव्हता. एका बांधकाम कंपनीत इमारतींचे नकाशे काढायचा, म्हणून आमच्यात त्याचं नाव पडलं नकाशेवाला. आधी नवा चष्मा करायला आला. मग नाकावरची पट्टी टोचते म्हणून आला. मग काडी सैल झाली म्हणून. मग परत स्क्रू ढिला झाला म्हणून. शेवटी दुकानाची मालकीण ताईला म्हणाली, "स्क्रू नक्की कुणाचा ढिला आहे ते एकदा बघून घे." दुकानात हशा झाला, नकाशेवाला लाजला, आणि तिथून दोघं भेटायला लागली.

ताई मला सांगायची, "त्याने अजून माझा हातसुद्धा धरला नाही. म्हणतो, आपल्याला घाई काय आहे? तू एकदा पोळली आहेस, तू तुझ्या वेळेने ये." इतका समजूतदार पुरुष तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

त्याचं घर बघायला ती मला बरोबर घेऊन गेली. दोन खोल्यांची जागा, आरशासारखी स्वच्छ. टेबलावर पेन्सिली अशा लावलेल्या की एकही इकडची तिकडे नाही. त्याने चहा केला. कुत्री आतल्या खोलीतून आली. तांबूस रंगाची, मोठ्या कानांची, देखणी. ना भुंकली, ना जवळ आली. भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात उभी राहिली. तो उठला की तीही भिंतीला घासत थोडी सरकायची, पाठ भिंतीलाच ठेवून.

"ये राणी," त्याने हाक मारली. अगदी हळू, लाडात. "ये माझी शहाणी."

तिच्या पायाखाली फरशी ओली झाली.

तो रागावला नाही. फडकं आणलं, गुडघ्यावर बसून पुसलं, हात धुतले. "आधीच्या मालकाने फार मारलंय तिला," तो म्हणाला. "भीती जात नाही अजून." ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं लक्ष मात्र आतल्या दाराकडे गेलं. त्याला आतून दोन कड्या होत्या, एक जुनी आणि वर एक नवी.

"एकट्या माणसाला दोन कड्या कशाला?" मी गंमतीत विचारलं.

"झोपेत उठून पळते ती."

"म्हणजे ती तुमच्याच खोलीत झोपते?" ताईने हसत विचारलं. "आणि लग्नानंतर?"

"माझ्याच खोलीत. सवय आहे तिला."

"अगं बाई! मग मी कुठे?"

आम्ही दोघी हसलो. तो थोडा थांबून हसला.

लग्नाची तारीख अजून ठरायची होती. तेवढ्यात परगावी त्याच्या भावाला अपघात झाला आणि त्याला तातडीने जावं लागलं. कुत्रीला बरोबर नेता येईना. ताई म्हणाली, माझ्याकडे सोड. त्याने बरीच टाळाटाळ केली. ती घाबरते, चावेल, तुझ्या आईला त्रास होईल. शेवटी इलाजच नाही म्हणून सोडून गेला आणि जाताना बजावलं, "डॉक्टरकडे नेऊ नकोस. डॉक्टर दिसला की तिला झटका येतो. काही वाटलं तर आधी मला फोन कर."

मावशीच्या घरात राणी पहिल्यांदा जेवणाच्या टेबलाखाली शिरली ती बाहेरच येईना. मावशी कुत्र्यामांजरांत रमणारी बाई नव्हे. पण ती रोज खुर्ची ओढून टेबलाशी भाजी निवडत बसायची आणि बडबडायची, गॅस संपल्याचं, गुडघे दुखल्याचं. एक दिवस राणीने बाहेर येऊन तिच्या पायावर हनुवटी ठेवली. मावशीने तो प्रसंग फोनवर मला इतक्या वेळा सांगितला, की जणू नातवंड चालायला लागलं.

पण कुत्रीला काहीतरी दुखत होतं. बसताना ती कण्हायची, चालताना मागचे पाय आखडायची. ताईने त्याला फोन केला. "होतं तसं अधूनमधून. मी येतोय. हात लावू नकोस," तो म्हणाला. शेवटचं वाक्य त्याने जरा चढ्या आवाजात म्हटलं. ताईला ते खटकलं. ज्याचा जीव आहे कुत्रीत, तो घाबरायला हवा होता. हा घाबरला होता, पण वेगळ्याच कशाला तरी.

दुकानाच्या मागच्या गल्लीत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, तिथे ताईने राणीला नेलं. झटका वगैरे काही आला नाही. राणी टेबलावर मुकाट उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, परत तपासलं, मग हातमोजे काढले आणि जाऊन दार लावून घेतलं.

"हिच्याजवळ घरात कोण असतं?"

"माझं ज्यांच्याशी लग्न ठरलंय ते. एकटेच."

"तुम्ही बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी ठीक आहे."

"नाही, बसा. हिच्या जखमा पडून झालेल्या नाहीत. दुसऱ्या कुत्र्याने केलेल्या नाहीत. माणसाने केल्या आहेत. काही जुन्या आहेत, भरलेल्या. काही नव्या आहेत. आणि मारहाणीच्या नाहीत."

ताईला कळेना. ती म्हणाली, "आधीचा मालक मारायचा तिला."

"तुमच्याकडे यायच्या आधी ती कुणाकडे होती?"

"ह्यांच्याकडे."

"मग आधीचा मालक ह्यात कुठे येतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि त्या प्रश्नातच ताईला समजलं. तिने मला नंतर सांगितलं, "पहिल्यांदा डोक्यात काय आलं माहितीये? दोन कड्या."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांना पोलिसांना कळवावंच लागेल. ताई म्हणाली, आधी मला त्याच्याशी बोलू द्या. "बोला," त्या म्हणाल्या. "पण कुत्री परत द्यायची नाही. जीव गेला तरी नाही."

तो आला तो थेट दुकानात, भर दुपारी, हातात राणीसाठी नवा पट्टा घेऊन. ताईने त्याला मागच्या खोलीत नेलं आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. मालकीण काउंटरवर होती, तिला नुसते आवाज ऐकू येत होते.

आधी तो हसला. मग म्हणाला, डॉक्टरीण वेडी आहे. नंतर चष्मा काढून पुसत, नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाला, "मला वाटलं होतं, सगळ्यांत तू तरी समजून घेशील."

"काय समजून घेऊ?"

"तुझ्या नवऱ्याने तुला फसवलं. मलाही माणसांनी फसवलंय. राणीने नाही. तिला माझ्याकडून काही नको असतं. तिचं माझ्यावर प्रेम आहे."

"ती तुम्हाला बघून मुतते," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "मी दुसऱ्या बाईकडे गेलो का? तुझ्याशी बेइमानी केली का? सांग ना. तुला हेच हवं होतं ना, दुसरी बाई नको?"

ताईने खुर्चीची पाठ धरली. तो पुढे म्हणाला, "लग्न झालं की मी सोडणार होतो. त्यासाठीच तर करतोय लग्न."

म्हणजे ती त्याचं औषध होती. किंवा त्याच्या दारावरची तिसरी कडी. आणि तो समजूतदारपणा, ती घाई नसणं, जे ताई जपून ठेवत होती, ते तिच्यासाठी कधी नव्हतंच. हे तिला तिथेच, खुर्चीच्या पाठीला धरून उभी असताना कळलं.

"चालते व्हा," ती म्हणाली.

तो वळला. जाता जाता दाराशी थांबला. "कुणाला सांगशील? आईला? पोलिसांना? शब्द तरी कुठला वापरशील?" मग पट्टा तिथेच टेबलावर ठेवून म्हणाला, "राणी माझी आहे. मी तिला न्यायला येईन."

शब्दाचं त्याने खरं सांगितलं होतं. पोलीस ठाण्यात ताई "त्याने तिला... म्हणजे तो तिच्याशी..." इथपर्यंत यायची आणि अडायची. समोरचा हवालदार म्हणाला, "अहो बाई, नीट सांगा. कुणाबद्दल बोलताय, तुमच्याबद्दल की कुत्रीबद्दल?" बाजूचा कुणीतरी फिसकन हसला. बरोबर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला केलं आणि म्हणाल्या, "लैंगिक अत्याचार. जनावरावर. लिहा. लिहिता येत नसेल तर मी लिहून देते." मग हसणं थांबलं. तक्रार झाली, त्याला बोलावलं, तो संध्याकाळपर्यंत सुटला, आणि प्रकरण तारखांवर गेलं.

मावशी नातेवाइकांना काय सांगणार? "जमलं नाही," एवढंच सांगायची. लोकांनी उरलेलं स्वतःच भरलं. हिलाच कुत्र्यांचा तिटकारा म्हणे. एवढा सोन्यासारखा माणूस, आणि ही त्याची कुत्रीसुद्धा ठेवून घेते! एकदा मोडलं तर नवऱ्याचं चुकलं असेल, दोनदा मोडलं म्हणजे बाईचंच. एका आत्याबाईंनी तर नकाशेवाल्याला फोन करून सांत्वनही केलं. तो त्यांना म्हणाला, "जाऊ द्या, तिचं आधीच खूप झालंय, तिला दोष देऊ नका." आत्याबाई गहिवरल्या.

आणि तो येऊ लागला. मावशीच्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे औषधाचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर उभा राहायचा. काही करायचा नाही, ओरडायचा नाही. मावशी गॅलरीत आली की मान लववून नमस्कार करायचा. पोलीस म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही. राणी त्या दिवसांत खात नव्हती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, तरी तिला तो आल्याचं कळायचं. ती टेबलाखाली जायची, आणि मावशी टेबलाशी बसून जोरजोरात गॅसबद्दल बोलायची.

एक दिवस तो यायचा थांबला. नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेल्याचं कळलं. सुटलो बाई, असं मावशी म्हणाली. ताई म्हणाली नाही.

त्यानंतर बरीच वर्षं ताई कुणाला भेटली नाही. मग एक गणिताचे सर आले. विधुर, गप्पिष्ट, बाजारात पिशव्या फाटेपर्यंत खरेदी करणारे. मला ते मनापासून आवडले. ताईलाही आवडले. पण सरांकडे एक म्हातारं मांजर होतं.

ताई त्यांच्या घरी जायची आणि सरांकडे बघण्याऐवजी मांजराकडे बघत बसायची. सर मांजराच्या अंगावरून हात फिरवत असले की तिचं बोलणं तुटायचं. न सांगता जायची, चुकीच्या वेळी जायची. आतल्या दाराला किती कड्या आहेत ते बघायची. तिला स्वतःचीच किळस यायची. एकदा सर शाळेत असताना तिने शेजारणीकडून किल्ली मागून घेतली आणि मांजराला उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

मांजर ठणठणीत होतं. दात किडलेला, बस.

सरांना कळायचं ते कळलंच. "सांगितलं असतंस तर मीच नेलं असतं," ते म्हणाले. "किल्ली का मागितलीस?" तेव्हा ताईने सगळं सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आणि तुला वाटलं, मीपण?"

"वाटलं नाही. पण वाटलं नाही यावर विश्वास बसेना."

सर चांगले होते. त्यांनी समजून घ्यायचा प्रयत्न केला. पण ताई समोर असली की मांजर मांडीवर आलं तरी ते हात वर धरून बसायचे, जणू कुणी बंदूक रोखलीय. मग एक दिवस त्यांनीच मांजराला मांडीवरून हलकेच उतरवलं आणि म्हणाले, "मला माझ्याच घरात असं बसता येत नाही गं." भांडण नाही, काही नाही. संपलं. नकाशेवाला त्या घरात कधी पाऊल न टाकता ते घर मोडून गेला.

त्यानंतर एका दुपारी दुकानात एक बाई आली. डोळे तपासायचेत म्हणाली. मागच्या खोलीत खुर्चीवर बसली, आणि ताईने दिवा लावला तशी म्हणाली, "माझे डोळे चांगले आहेत. मी तुम्हाला बघायला आलेय. तुमचं ज्यांच्याशी लग्न मोडलं, ते माझे मिस्टर."

ती दुसऱ्या शहरात बँकेत कॅशियर होती. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. नवऱ्याने तिला सांगितलं होतं की आधीची, या चष्म्याच्या दुकानातली बाई त्याच्या कुत्रीवर जळायची, शेवटी तिने कुत्री चोरली आणि त्याच्यावर घाणेरडा आळ घेतला. कसला आळ, ते मात्र तो सांगत नव्हता.

"तेवढंच विचारायला आले," ती म्हणाली. "कसला?"

या वेळी ताई अडली नाही. सरळ, साध्या शब्दांत सांगितलं. बाई ऐकत राहिली. तिने अविश्वास दाखवला नाही, ती रडली नाही, हे ताईला फार भयंकर वाटलं.

"तो माझ्याजवळ येत नाही," बाई शेवटी म्हणाली. "म्हणतो, घाई काय आहे. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी वजन उतरवलं. केस कापले."

"घरी कुत्री आहे?"

"आहे. लहान आहे अजून."

ताईने दुकान तसंच मालकिणीवर सोडलं आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे ठरलं की तिने घरी जायचं, काही दाखवायचं नाही, तो कामावर गेला की कुत्री घेऊन निघायचं. ताई बरोबर येते म्हणाली. बाई म्हणाली, "तुम्ही दिसलात तर त्याला कळेल. माझं मी करते."

पुढचं तिनेच सांगितलेलं. ती कुत्रीला घेऊन जिना उतरली, तर तो खाली फाटकातच उभा. कामावर गेलाच नव्हता.

"कुठे निघालात दोघी?"

"फिरायला."

"चला, मीही येतो," तो म्हणाला, आणि पट्टा हातात मागितला.

तिने दिला नाही. "राहू दे, मला सवय व्हायला हवी," म्हणाली. ती चालत राहिली, तो शेजारून चालत राहिला. हवेबद्दल बोलला, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलला. मधेच विचारलं, "काल कुठे गेली होतीस?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "ती राणी अजून जिवंत आहे का गं?" तिचे पाय रोजच्या वाटेने बँकेकडे चालले. बँकेच्या दारात रखवालदार म्हणाला, "मॅडम, कुत्रा आत नाही चालत." ती म्हणाली, "काका, हिला आत घ्या, ह्यांना घेऊ नका." रखवालदार तिला कित्येक वर्षं ओळखत होता. त्याने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मधे उभा राहिला. सगळ्या बँकेच्या देखत ती काउंटरच्या मागे फरशीवर कुत्रीला मिठी मारून बसली आणि म्हणाली, पोलिसांना बोलवा.

दोन शहरं, दोन डॉक्टर, दोन बायका. या वेळी कुणी हसलं नाही. त्याला शिक्षा झाली, ताईच्या मते थोडी, आणि जनावर पाळायला बंदी झाली. शिक्षा भोगून तो सुटला. पुढे कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. बंदी आहे, पण प्रत्येक घराचं दार कोण उघडून बघणार? डॉक्टरीणबाई ओळखीच्या सगळ्या दवाखान्यांना त्याचं वर्णन सांगून ठेवतात. कॅशियरबाईने वेगळं घर केलं आणि लहान कुत्री स्वतःच ठेवून घेतली.

सरांनी नंतर लग्न केलं. मावशीने ते ताईला भीत भीत सांगितलं. ताई म्हणाली, "बरं झालं." खरंच म्हणाली.

गेल्या वर्षी राणी गेली. म्हातारी होऊन, मावशीच्या पायाशी, झोपेत. ताईने सकाळीच तिला चादरीत गुंडाळून गाडीत घातलं आणि एकटीच गेली. परत आली तेव्हा हात मातीने भरलेले. मी आणि मावशी दारात उभ्या होतो.

"कुठे पुरलंस गं?" मावशीने विचारलं. "मला एकदा जाऊन यायचंय."

"मी नेईन तुला. जागा नाही सांगणार."

"का?"

"तुझ्या तोंडून कुणाला जाईल. त्याच्यापर्यंत जाईल."

मावशी म्हणाली, "अगं, मेली बिचारी. आता काय करणार आहे तो?"

ताई मोरीत गेली, कुदळ धुतली, आणि नळ कितीतरी वेळ चालूच राहिला.